गोंदणाची नक्षी कागदावर: टॅटू कलाकाराने पहिला मुद्राचित्रसंच कसा करावा

टॅटू स्टुडिओत दिवसभर जे काम होते ते बहुतांशी ग्राहकाच्या इच्छेचे असते, आणि ते ग्राहकासोबत निघून जाते. स्वतःचे म्हणून काही टिकवायचे असेल, तर वर्षातून एक तरी काम स्टुडिओबाहेरचे असावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या हाताला त्यातल्या त्यात जवळचे माध्यम म्हणजे मुद्राचित्रण, म्हणजेच पत्र्यावर किंवा पाटीवर कोरलेले चित्र शाई लावून कागदावर छापणे. अमेरिकन टॅटू कलाकार डॉन एड हार्डी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंस्थेतून 1967 साली याच विषयात पदवी घेतली होती. पुढे आयुष्यभर ते कातडीवर आणि कागदावर असे दोन्हीकडे काम करत राहिले आणि 2019 मध्ये त्याच शहरातील डी यंग संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.

विषयासाठी मात्र दूर जाण्याची गरज नाही. आपल्या आजीच्या पिढीतील बायकांच्या हातांवर गोंदलेली तुळस, विंचू, भावाचे किंवा देवाचे नाव, कपाळावरचे आणि हनुवटीवरचे ठिपके हे सारे अजून पाहता येते. पण फार काळ पाहता येणार नाही. दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे या बायका मानत आल्या, आणि ते अक्षरशः खरे असल्यामुळे प्रत्येक बाईबरोबर तिची नक्षीही जाते. म्हणून दहा-बारा नक्षींचा एक छोटा मुद्राचित्रसंच करणे हा पहिला प्रकल्प म्हणून मला सर्वात योग्य वाटतो.

सुरुवात घरच्या किंवा ओळखीच्या माणसांपासून करावी. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नये. गोंदण कुठे झाले, कोणी केले, तेव्हा वय काय होते, किती दुखले हे आधी ऐकावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. आपण नक्कल कशासाठी करणार आहोत, ती विकणार आहोत का, नाव छापलेले चालेल का, हे तीनही प्रश्न स्पष्ट विचारावेत. चेहऱ्याचा फोटो घेण्याचे कारण नाही. हाताचा फोटो खिडकीजवळच्या मऊ उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा. त्यानंतर हातावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद अलगद ठेवून बारीक मार्करने नक्षी उतरवावी. आपल्याला कातडी ताणून धरण्याची सवय असते, ती इथे आवरावी. वृद्ध त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, आणि ताणल्यावर नक्षीचा आकारही बदलतो.

माझ्या आईच्या मावशीच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर एक तुळस आहे. मधली दांडी, दोन्ही बाजूंना फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन ठिपके. निदान मावशी तसे सांगतात, कारण आज ते ठिपके एकमेकांत मिसळून गेले आहेत आणि दांडीची रेघ मूळच्या दुप्पट तरी रुंद झालेली असावी. गोंदणात भरलेली काजळी मुळात काळीच असते, पण त्वचेच्या थरातून पाहिल्यामुळे ती निळसर-हिरवट दिसते, आणि वर्षानुवर्षे तिचे कण आजूबाजूला सरकत गेल्याने रेघेची कड विरघळते. इथे प्रत्येकाला एक निर्णय घ्यावा लागतो: आज दिसते तशी नक्षी काढायची, की ती ताजी असताना कशी असेल याचा अंदाज बांधायचा? दोन्ही चित्रे जरूर करावीत, पण एकाच चित्रात दोन्ही मिसळू नयेत. मी आज दिसते तीच निवडतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिलेली असते.

माध्यम निवडताना बहुतेक जण लिनोकटकडे, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पाटीवर कोरून छापण्याकडे वळतात. भरीव आकारांसाठी ते उत्तम आहे, परंतु लिनोत आपण कोरतो तो भाग पांढरा राहतो. म्हणजे काळा ठिपका हवा असेल तर त्याच्या भोवतीचे सगळे काढून टाकावे लागते, आणि बारीक ठिपके हमखास तुटतात. गोंदणासाठी ड्रायपॉइंट घ्यावे. त्यात सुईने पत्र्यावर ओरखडा काढला की तोच ओरखडा शाई धरतो. सुई जिथे जाईल तिथे काळे होते, हे आपल्या हाताला आधीच ठाऊक आहे. शिवाय सुईने उकरलेला कडेचा कीस शाई धरून ठेवतो आणि छापताना रेघ किंचित फुलते. जुन्या गोंदणाची विरघळलेली कड यापेक्षा जवळून दाखवणारे दुसरे माध्यम माझ्या पाहण्यात नाही.

तांब्याचा पत्रा महाग पडतो, म्हणून सुरुवातीला दीड-दोन मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट घ्यावी. तिच्या चारही कडा कानशीने तिरक्या घासाव्यात, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. उतरवलेली नक्षी शीटखाली उलटी ठेवून चिकटवावी, कारण छापताना चित्र पुन्हा उलटते. स्टेन्सिलच्या कागदावर जांभळी रेघ मागच्या बाजूला उलटी उमटते आणि कातडीवर सुलटी बसते, हा अनुभव आपण रोज घेतो; तरीही माझ्या पहिल्या शीटवर भावाचे नाव उलटे छापले गेले आणि दोन दिवसांचे काम वाया गेले. सुई नवी, न वापरलेलीच घ्यावी आणि ती पकडीत घट्ट बसवावी. मशीन बाजूला ठेवून हातानेच ओरखडावे. ठिपका देताना सुई टेकवून जागच्या जागी फिरवली की त्याच्याभोवती छान कीस उभा राहतो.

कागद सुती आणि जाड, शक्यतो 250 ते 300 जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असावा. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून हे काम करते आहे. तिथे जाऊन, कागद हातात घेऊन निवडावा. छपाईपूर्वी कागद अर्धा तास पाण्यात भिजवून टिपकागदाने टिपून घ्यावा, कारण ओलसर कागदच ओरखड्यात शिरून शाई उचलतो. शीटवर शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने भरावी आणि जाळीदार कापडाने गोल गोल पुसून काढावी. पुसण्यात घाई केल्यास ओरखड्यातली शाईही निघून जाते. ठसे काढण्याचे दाबयंत्र विकत घेण्याच्या फंदात पडू नये. कलामहाविद्यालयांच्या मुद्राचित्रण विभागांत किंवा सामाईक कार्यशाळांत विनंती केल्यास ते वापरायला मिळू शकते.

प्रत्येक दाबाबरोबर कीस झिजत जातो, त्यामुळे ॲक्रिलिकच्या शीटवरून पंधरा-वीसपेक्षा जास्त चांगले ठसे निघतील अशी अपेक्षा ठेवू नये. पहिला ठसा जाड आणि मऊ, शेवटचा बारीक आणि कोरडा येतो. कातडीवर रेघ वयाबरोबर रुंदावते, इथे ती वयाबरोबर बारीक होत जाते. म्हणून ठसे निघाले त्याच क्रमाने त्यांवर पेन्सिलीने 1/15, 2/15 (पंधरांपैकी पहिला, दुसरा) असे आकडे घालून सही करावी आणि हा क्रम कधीही बदलू नये.

विक्रीपूर्वी दोन गोष्टींची तजवीज करावी. ग्राहकाच्या अंगावर केलेले एखादे डिझाइन संचात घ्यायचे असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यावी. कपडे किंवा वस्तूंवर छापण्यासाठी कोणी चित्राचे हक्क मागितल्यास मुदत आणि प्रदेश करारात स्पष्ट लिहावेत. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत धरला जातो. एड हार्डींचे नाव कपड्यांमुळे जगभर पोहोचले खरे, पण अनेकांना ते फक्त कपड्यांचे नाव म्हणूनच ठाऊक आहे.

पारंपरिक नक्षीवर कायद्याने बहुधा कोणाचा हक्क निघत नाही, म्हणून ती फुकटची समजू नये. मिथिलेत गोदना, म्हणजे गोंदणाच्या नक्षीची चित्रशैली दुसाध समाजातील कलाकारांनी स्वतःच्या हातांनी कागदावर आणली आणि 2024 मध्ये त्या शैलीतील शांती देवी पासवान व शिवन पासवान यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे नक्षी जिच्या हातावरची आहे तिचा विक्रीतला वाटा आधीच ठरवावा, आणि 1/15 हा ठसा विकायला न काढता चौकट करून तिच्या घरी नेऊन द्यावा. मावशींनी तो भिंतीवर न लावता ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. कागद तिथे पिवळा पडू नये म्हणून मी नंतर त्याला आम्लमुक्त कागदाचे पाकीट करून दिले.