नवख्या पंचांसाठी: निःपक्षपातीपणा कुठे निसटतो

हौशी सामन्यांत पंचाकडे लाच घेऊन सहसा कोणी येत नाही. येतात ती ओळखीची माणसं. भाचा एका संघात असतो, दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक जुना दोस्त असतो. म्हणून नेमणुकीचा फोन आला की सामना कोणाकोणात आहे हे आधी विचारा, मगच होकार द्या. जवळचं नातं, संघाचं आजी किंवा माजी सदस्यत्व, पैशांचा व्यवहार, जुनं भांडण, यातलं काही असेल तर आयोजकांना लेखी कळवा, मेसेजही पुरतो. दुसरा पंच मिळतच नसेल, तर नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलावून सांगा आणि दोघांचीही हरकत नसेल तरच उभे राहा. हीच गोष्ट सामन्यानंतर बाहेर आली, तर तुमचा बरोबर निर्णयही संशयात सापडतो. मानधन ठरलेलं तेवढंच आणि आयोजकांकडूनच घ्यायचं. मध्यंतरात एकाच संघाच्या घोळक्यात बसू नका, पाण्याची बाटली आपली आपण आणा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र भरपाईच्या निर्णयाने होतं. समजा, पेनल्टी चुकीची दिली आणि दहा मिनिटांनी ते मनाला लागलं. आता समोरच्या गोलक्षेत्रात कोणी साधा धक्का खाऊन पडला, तरी हात शिट्टीकडे जातो. नवख्यांना हा न्याय वाटतो. पण पहिली चूक नजरेची होती, दुसरी जाणूनबुजून केलेली असते. आमच्या मते हा पक्षपातच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

चूक सुधारायची वाट नियमांतच आहे, फक्त वेळ थोडा मिळतो. फुटबॉलमध्ये खेळ पुन्हा सुरू होण्याआधी लक्षात आलं तर निर्णय बदलता येतो, सुरू झाल्यावर नाही. क्रिकेटमध्येही पंच निर्णय बदलू शकतो, पण लगेच. तेव्हा शंका आली तर पुढची शिट्टी वाजवण्याआधी साहाय्यक पंचाकडे जा, दोन वाक्यांत विचारा आणि बदल मोठ्याने जाहीर करा. वेळ निघून गेली असेल तर विषय तिथेच सोडा. कर्णधाराने विचारलं तर ‘मला दिसलं ते मी दिलं’ एवढंच सांगा. ‘पुढे बघू’ हे शब्द तोंडातून गेले की समोरच्याला ते वचन वाटतं.

क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय फलंदाजाला बाद देता येत नाही, आणि अपिलाचा आवाज हा पुरावा नव्हे. दोन्ही पंचांनी विचारविनिमय करूनही शंका उरली, तर निर्णय नाबादच. पायचीतच्या अपिलावर बोट वर करण्याआधी एक श्वास थांबा. चेंडू लेगस्टंपच्या बाहेर टप्पा पडून आला होता का, हे आधी मनात तपासा. घाईत हाच प्रश्न राहून जातो.

मुलांच्या सामन्यांत शिस्तीआधी सुरक्षितता येते. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला घट्ट बांधलेले नसतील तर सामना सुरू करू नका. ते अंगावर पडून मुलं दगावली आहेत. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागल्याची शंका आली, तर खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरत नाही, पालक कितीही म्हणोत. मुलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत एकटे जाऊ नका, निरोप प्रशिक्षकामार्फत द्या.

अपशब्दांवर पहिल्याच वेळी बोला. तीनदा कानाआड करून चौथ्या वेळी कार्ड दाखवलं, तर चौथा खेळाडू विचारणारच, मलाच का?

अहवाल त्याच दिवशी लिहा. ‘उद्धटपणे वागला’ हे मत झालं, त्यावर समितीला काही ठरवता येत नाही. असं लिहा: ‘६३ व्या मिनिटाला, निळा संघ, क्रमांक ८. मी सुमारे पाच मीटरवर होतो. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं.’ शिवी असेल तर जशीच्या तशी लिहा, सभ्य करू नका. जे दुसऱ्याने सांगितलं ते त्याच्या नावावर टाका. तोच प्रसंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र चघळू नका. गुणपत्रिकेवर कर्णधारांच्या सह्या झाल्यावर दुरुस्ती करावीच लागली, तर जुना आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारा, शेजारी नवा आकडा, वेळ आणि तुमची सही, आणि दोन्ही कर्णधारांना तिथेच दाखवा.