चीनमधलं मेनूकार्ड: हसा, पण ऑर्डर जपून द्या

चीनमध्ये मेनूकार्डवर ‘हजबंड अँड वाइफ लंग स्लाइस’ दिसलं तर फोटो जरूर काढा, पण तो चेंगडू शहराचा खराखुरा पदार्थ आहे. विकणाऱ्या नवरा-बायकोवरून नाव पडलं. आत असतात गोमांस, जीभ आणि वजडीचे तिखटजाळ काप. ‘झाडावर चढणाऱ्या मुंग्या’ म्हणजे शेवयांना चिकटलेला डुकराचा खिमा. ‘माशाच्या चवीच्या वांग्यां’त मासा नसतोच, खिमा मात्र बऱ्याचदा असतो!

शाकाहारी असाल तर इंग्रजी नावावर भिस्त ठेवू नका. भाषांतराचं ॲप आणि चिनी भाषा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा; तिथल्या वायफायवर गूगल चालत नाही. ‘मी मांस-मासे खात नाही’ हे चिनी लिपीत मोबाइलवर ठेवून वेटरला दाखवा. सूप हाडांचं आहे का, हे मात्र वेगळं विचारा.