फेअरिंग चढवलेली जुनी मोटरसायकल बघायला जाताना

फेअरिंग म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाला आणि बाजूंना लावलेलं प्लास्टिकचं किंवा फायबरचं आवरण; त्याचा एकेक तुकडा म्हणजे पॅनल. अशी गाडी बघायची वेळ सकाळचीच ठरवा. फोनवर दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, आणि खालचं व एका बाजूचं पॅनल मी उघडून बघणार. पहिल्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्यावर "भिया, गाडी एकदम साफ है, खोलने की क्या जरूरत" असं उत्तर आलं, तर ते नाव यादीतून काढून टाका. इंदूरला भंवरकुआँ आणि विजयनगरच्या बाजूला शिकायला आलेली मुलं कोर्स संपला की गाड्या विकतात, त्यामुळे पर्यायांना तोटा नाही. न उघडलेल्या फेअरिंगवर पैसे लावायची गरज कुणालाच नाही.

एवढा आग्रह धरण्याचं कारण आहे. बाहेरची, म्हणजे कंपनीची नसलेली फेअरिंग (तिचा तयार संच म्हणजे किट) गाडीवर बहुतेक दोन कारणांनी चढते. एक तर मुळात उघड्या गाडीला रेसिंगचं रूप द्यायची हौस असते; किंवा गाडी पडलेली असते आणि कंपनीची पॅनल परवडत नाहीत. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिक कोरं दिसतं, पण त्यामागचं लोखंड धक्का खाल्लेलंच असतं. आपल्याला ते लोखंड बघायचं आहे.

बरोबर ४, ५ आणि ६ मिलिमीटरची एलन की, स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च, छोटं लोहचुंबक, जुनं फडकं, कोरा कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. ओळखीचा मिस्त्री येत असेल तर त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि सोबत न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री चालणार नाही. निघण्याआधी त्याच मॉडेलचे कंपनीचे फोटो मोबाइलवर उतरवून ठेवा आणि शोरूमच्या स्पेअर्स काउंटरवर मूळ पॅनलच्या किमती विचारून घ्या. भाव करताना तो आकडा तुमच्या हातात हवा.

पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड गाडी सुरू होतानाचा त्रास कुणीतरी आधीच लपवला आहे. मग गाडीच्या समोर चार पावलं मागे उभे राहून दोन्ही बाजूंच्या फटी बघा. टाकी आणि पॅनल यांच्यामधली फट डावीकडे बोटभर आणि उजवीकडे बंद असेल, तर किट हलक्या प्रतीचं आहे किंवा पुढची ब्रॅकेट वाकलेली आहे. स्क्रू एकसारखे आहेत का? चार जातींचे स्क्रू आणि केबल टाय दिसले, की फेअरिंग बऱ्याचदा उतरली-चढली आहे असं समजा. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्टच्या कडा, इंजिनाचं कव्हर ही पडलेल्या गाडीची खरी बोलकी ठिकाणं. ती घासलेली असतील आणि पॅनलवर ओरखडाही नसेल, तर पॅनल नंतर आलं आहे. टाकी लोखंडी असेल तर चुंबकाला कागद गुंडाळून तिच्यावर फिरवा. जिथे पकड सैल पडते तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

आता पॅनल उतरवा आणि उलटं करा. कंपनीच्या किंवा चांगल्या साच्यातल्या एबीएस (एक कडक प्लास्टिक) पॅनलची आतली बाजू गुळगुळीत असते, बऱ्याचदा तिच्यावर प्लास्टिकच्या जातीची खूण उठवलेली असते, पॅनल अडकवायच्या खुंट्या त्याच साच्यात एकसंध घडलेल्या असतात. फायबरची हाताने घातलेली फेअरिंग आतून खरखरीत असते, काचेचे धागे दिसतात, हात फिरवला तर खाज सुटते. फायबर वाईट नाही. ते तुटलं तर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट लावून जोडता येतं. प्रश्न भोकांपाशी येतो. बोल्टभोवती केसांएवढ्या बारीक चिरा ताऱ्यासारख्या पसरल्या असतील, तर पॅनल ओढूनताणून बसवलं आहे आणि मध्ये रबराचे वॉशर घातलेले नाहीत. इंदूरच्या कुठल्याही खड्ड्यातून दोन महिने गेलात की ती भोकं फाटतील. बेंड पाइपजवळच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी गरम नळी) भागावर चांदीसारखा उष्णतारोधक कागद आहे का तेही बघा. नसेल तर तिथला रंग पिवळा पडलेला किंवा कड वितळलेली सापडेल.

पॅनल बाजूला असतानाच टॉर्च स्टीअरिंगच्या मानेवर, म्हणजे हँडल चेसिसला जोडलेलं असतं त्या भागावर मारा. फेअरिंग धरणारी ब्रॅकेट सरळ आहे की ठोकून सरळ केली आहे? वेल्डिंगचे नवे टाके, मानेजवळ सुरकुतलेला रंग, हँडल वळवल्यावर जिथे अडतं त्या स्टॉपरवर खोक, यातलं काहीही दिसलं तर किमतीची बोलणी न करता परत या. वाकलेली चेसिस स्वस्तात मिळाली तरी महागच पडते. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर याच मानेवर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर), म्हणजे खालच्या पॅनलच्या आड. दोन्ही आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. ठसा सगळीकडे सारखा उमटायला हवा. एखादा आकडा खोल, एखादा तिरका, किंवा भोवतीची जागा घासलेली असेल तर थांबा. हस्तांतरणाच्या कागदांबरोबर बऱ्याचदा हाच ठसा मागतात, तेव्हा आरटीओत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

मग पॅनल परत लावायला सांगा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. बोटं टाकी आणि फेअरिंगमध्ये चिमटता कामा नयेत, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाता कामा नये. गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये हँडल वळवताना इंजिनाचा आवाज चढला, तर केबल ओढली जाते आहे. ही गाडी वळणावर आपणहून पळेल. पुढचा ब्रेक धरून शॉकअप पूर्ण दाबा. मडगार्ड किंवा चाक कुठे घासतं का बघा.

लिक्विड कूल्ड गाडी (कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन थंड ठेवणारी) असेल तर एक परीक्षा चुकवू नका: उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. बाहेरच्या किटमध्ये गरम हवा निघायच्या वाटा कधी कधी नुसत्या नक्षीच्या असतात, आणि फेअरिंग बसवताना पंख्याची वायर सुटलेली असते. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीत अडकलात की हीच गोष्ट इंजिन तापवून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) जाण्यापर्यंत नेते. कूलंट थंड असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका.

हेडलाइटच्या मागे चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, फ्यूज नसलेली जास्तीची वायर, फार भरभर उघडझाप करणारे इंडिकेटर, गायब हॉर्न हे सगळं दुरुस्त होतं, पण खर्च तुमचा. पुढची नंबर प्लेट कुठे लावली आहे तेही बघा. अनेक किटमध्ये तिला जागाच नसते.

चालवताना आधी हळू, मग ए.बी. रोडवर राऊच्या दिशेने मोकळ्या पट्ट्यात ६०च्या आसपास. गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारताना हँडल थरथरतं का, ठरावीक आरपीएमला कुठलं पॅनल बडबडतं, एवढंच ऐका. वेग वाढवून काही जास्त कळत नाही.

कागदांत आरसीवरचा रंग आधी वाचा. आरसीत काळा आणि समोर निळी गाडी असेल, तर बदल नोंदवून घेण्याची अट विकणाऱ्यावर घाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार रोखतं, आणि कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड होऊ शकतो. मालक म्हणजे उद्या तुम्ही. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं, पीयूसी, विमा हे सगळं पैसे देण्याआधी. आपल्याकडे पुण्याच्या मावसभावाची एमएच १२ गाडी घ्यायचा मोह फार होतो. घ्या, पण फॉर्म २८ची एनओसी हातात आल्यावरच, आणि मध्य प्रदेशात पुन्हा भरायचा कर भावात धरून. विमा कंपनीला फेअरिंगबद्दल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही.

भाव करताना किटचे पैसे वेगळे देऊ नका. विकणारा त्यावर खर्च केलेली रक्कम सांगेल; ती त्याची हौस होती. आणि मूळ पॅनल, ब्रॅकेट, हेडलाइट, आरसे घरी पडून असतील तर ते सौद्यातच मागा. तुटके असले तरी. गाडीबरोबर नेता आले नाहीत तर त्याच दिवशी रिक्षा करून उचलून आणा.