टीएनएसनेम्स फाइल बदलली, पण कोणती? ओरॅकल क्लायंटच्या या चुका टाळा

टीएनएसनेम्स म्हणजे डेटाबेसचं नाव आणि त्याचा पत्ता लिहिलेली साधी फाइल; ओरॅकल क्लायंट, म्हणजे तुमच्या मशिनवरून डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर, ती वाचतो. ओआरए-१२१५४ या एररचा अर्थ एवढाच, की तुम्ही दिलेल्या नावाचा पत्ता क्लायंटला सापडला नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. तरीही पहिला फोन जातो डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, "डेटाबेस डाउन आहे का?" लिसनर, म्हणजे सर्व्हरवर जोडणीच्या विनंत्या घेणारा प्रोग्रॅम, बंद असेल तर १२५४१ येतो. लिसनर चालू आहे पण त्याला तुम्ही मागितलेली डेटाबेस सर्व्हिस माहीत नाही, तर १२५१४. १२१५४ आला म्हणजे भानगड तुमच्याच मशिनवर आहे. डीबीएला जेवू द्या.

मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो दिसेल ती टीएनएसनेम्स फाइल उघडून बदलणाऱ्यांचा. एका मशिनवर अशा चार-पाच फाइली सहज असतात: ३२ बिट क्लायंटची, ६४ बिटची, इन्स्टंट क्लायंटची (क्लायंटची छोटी आवृत्ती), शिवाय कुणीतरी डेस्कटॉपवर ठेवलेली 'नवीन फायनल'. विंडोजमध्ये क्लायंट आधी टीएनएस_ॲडमिन हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बघतो, तो नसेल तर रजिस्ट्रीतली त्याच नावाची नोंद, आणि तीही नसेल तर ओरॅकल होममधला, म्हणजे क्लायंट इन्स्टॉल झालाय तिथला, नेटवर्क\ॲडमिन फोल्डर. त्यात ३२ बिट क्लायंटची रजिस्ट्री वेगळी, वॉव६४३२नोडखाली.

एका ऑफिसात डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला. सोमवारी सगळं सुरळीत, पेढेही वाटून झाले. बुधवारी हिशेब विभागातून ओरड आली की रिपोर्टमध्ये शुक्रवारनंतरची एकही नोंद नाही. एरर कुठेच नाही. टीममधला मुलगा छातीठोकपणे सांगत होता, "सर, फाइल मीच बदललीय, टीएनएसपिंगपण ओके येतंय." (टीएनएसपिंग म्हणजे दिलेल्या नावावरून लिसनरपर्यंत पोहोचता येतं का ते तपासणारी कमांड.) दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्याने बदललेली फाइल ६४ बिट क्लायंटची, आणि टीएनएसपिंगही त्याच क्लायंटचं, कारण विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत तो पहिला होता. रिपोर्टचं सॉफ्टवेअर मात्र ३२ बिट. प्रोसेस मॉनिटर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल उघडतोय ते दाखवणारं टूल, लावला, पाथमध्ये 'टीएनएसनेम्स' असेल तेवढंच दाखव असा फिल्टर दिला आणि रिपोर्ट चालवायला सांगितला. लगेच ओळ आली: फाइल उघडली जात होती डी ड्राइव्हवरच्या एका जुन्या फोल्डरमधून. कुठल्यातरी इन्स्टॉलरने रजिस्ट्रीत तो रस्ता घालून ठेवला होता. नाव तेच, पत्ता जुन्या सर्व्हरचा. आणि जुना सर्व्हर "असू दे चार दिवस" म्हणून चालूच ठेवलेला!

म्हणून स्थलांतर झालं की जुन्या सर्व्हरचा लिसनर त्याच रात्री बंद करा, असं मी सांगतो. सकाळी चार जण एरर घेऊन येतील, येऊ द्या. शांतपणे जुना डेटा दाखवणाऱ्या रिपोर्टपेक्षा ते परवडलं.

माझी सवय अशी: मशिनवर फाइल एकच, एका साध्या फोल्डरमध्ये, आणि दोन्ही क्लायंट तिकडेच वळवलेले. बाकीच्या फाइलींची नावं बदलून टाकतो. पुसत नाही, कारण त्यातला एखादा पत्ता नंतर हमखास कुणालातरी लागतो. आणि बदल करण्याआधी, नंतर नव्हे, क्लायंट कोणती फाइल उघडतोय ते बघतो. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर, लिनक्सवर एसट्रेस. टीएनएसपिंगसुद्धा वापरलेल्या पॅरामीटर फाइलचा रस्ता छापतं, पण तो एसक्यूएलनेट फाइलचा (क्लायंटच्या नेटवर्क सेटिंगच्या दुसऱ्या फाइलचा) असतो, आणि इन्स्टंट क्लायंटसोबत टीएनएसपिंग येतच नाही. हे बघायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवायला जाणारी मंडळी मग दुपारभर क्लायंट काढून पुन्हा टाकत बसतात.

दुसरी आवडती चूक: टर्मिनलमध्ये व्हेरिएबल सेट करायचा, एसक्यूएलप्लस (ओरॅकलचं कमांड टूल) चाललं की खूश व्हायचं, आणि रात्रीचा क्रॉन जॉब (लिनक्सवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पडला की डोकं धरायचं. क्रॉन तुमची बॅश प्रोफाइल वाचत नाही. दुसऱ्या युजरच्या हक्काने कमांड चालवणारं सुडो बहुतेक ठिकाणी तुमचे व्हेरिएबल गाळून टाकतं. विंडोजवर बदलाआधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवी किंमत कळत नाही, आणि सर्व्हिस असेल तर ती पुन्हा सुरू करा. तरी जुनाच रस्ता दिसला तर मशिनच. मी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच टीएनएस_ॲडमिन एक्सपोर्ट करतो. दिसायला गबाळं आहे, पण पुढच्या माणसाला शोधत फिरावं लागत नाही.

बाकीच्या झटपट:

टीएनएस_ॲडमिनमध्ये फोल्डरचा रस्ता द्यायचा, फाइलचा नाही. हे दर महिन्याला कुणालातरी सांगावं लागतं.

कमांड प्रॉम्प्टवर सेट करताना रस्त्याला अवतरणचिन्हं लावू नका, ती रस्त्याचाच भाग होऊन बसतात.

नोटपॅडने शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलंय का बघा. एक्सप्लोरर एक्स्टेन्शन लपवतो.

फाइलमध्ये नाव ओळीच्या अगदी सुरुवातीला हवं. आधी स्पेस पडली तर ती आधीच्या नोंदीची पुढची ओळ धरली जाते. एक कंस कमी पडला की खालची, एरवी धड असलेली नोंदही बिघडते.

एसक्यूएलनेट फाइलमध्ये डीफॉल्ट डोमेन दिलं असेल तर साध्या नावापुढे ते आपोआप जोडलं जातं. मग नोंदही डोमेनसकट हवी.

लिनक्सवर होम डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणारी छुपी टीएनएसनेम्स फाइल असू शकते. नुसत्या एलएस कमांडने ती दिसत नाही.

एसक्यूएल डेव्हलपर या ओरॅकलच्या टूलच्या प्रेफरन्सेसमध्ये टीएनएसनेम्स फोल्डरची जागा वेगळी भरता येते. तिथे चाललं म्हणजे ॲप्लिकेशनमध्ये चालेलच असं नाही.

आणि एकदाच चालवायची स्क्रिप्ट असेल तर या फाइलच्या नादी लागूच नका. होस्ट, पोर्ट १५२१ आणि सर्व्हिसचं नाव सरळ कनेक्ट स्ट्रिंगमध्ये लिहा. फक्त एसक्यूएलनेट फाइलच्या डिरेक्टरी पाथ या सेटिंगमध्ये ईझेडकनेक्ट (असा थेट पत्ता देण्याची पद्धत) आहे ना, तेवढं बघून घ्या.