डॉकर वापरून क्लाउडवर स्वतःचा गिट सर्व्हर कसा उभारावा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. ते वापरायला सर्व्हर लागतोच असं नाही. पण चार-पाच जण एकाच कोडवर काम करू लागले की एक मुख्य प्रत लागते, कुणाला काय करता येईल ते ठरवावं लागतं आणि इश्यू, म्हणजे चुका आणि करायची कामं, लिहून ठेवायला जागा लागते. ही सगळी व्यवस्था स्वतःच्या ताब्यात ठेवायची तर एक संध्याकाळ पुरते.

मी फोर्जेयो हे गिट सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरतो. २०२२ मध्ये ते गिटी या प्रकल्पातून वेगळं झालं. बर्लिनची कोडबर्ग ही ना-नफा संस्था त्याच्या पाठीशी आहे. नाव एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ लोहारसाळ. गिटलॅब या तशाच सॉफ्टवेअरचं नाव जास्त झालेलं आहे, पण त्याला ८ जीबी रॅम द्यावी लागते. छोट्या टीमसाठी फोर्जेयो १ जीबीतही नीट चालतं.

आधी मशीन. डेबियन किंवा उबुंटू असलेलं, २ जीबी रॅमचं व्हर्च्युअल मशीन घ्या. टीम महाराष्ट्रात असेल तर मुंबईचा रिजन निवडा, पुश (कोड चढवणं) आणि क्लोन (पूर्ण प्रत उतरवणं) करताना फरक जाणवतो. एखादं सबडोमेन मशीनच्या आयपीकडे वळवा. मग क्लाउड कंपनीच्या पॅनलमधल्या फायरवॉलमध्ये चारच पोर्ट उघडा: मशीनच्या एसएसएचसाठी (दुरून सुरक्षित लॉगिन) २२, वेबसाठी ८० आणि ४४३, गिटच्या एसएसएचसाठी २२२२. हे पॅनलमधूनच करा असं सांगतोय, त्याला कारण आहे. डॉकर म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. ते जे पोर्ट बाहेर उघडतं, त्यांचे नियम ते थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉल नियमांत, लिहितं. त्यामुळे उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तुम्ही बंद केलेलं पोर्टही जगाला उघडं राहू शकतं.

डॉकर त्यांच्या अधिकृत पॅकेज रिपॉझिटरीतून बसवा, अनेक कंटेनर एकाच फाइलमधून चालवणारं कंपोज सोबतच येतं.

आता कंपोज फाइल. मशीनवर एक फोल्डर करा, आत ‘डेटा’ नावाचा दुसरा. फाइलमध्ये दोन सेवा लिहायच्या, फोर्जेयो आणि त्याच्यापुढे एचटीटीपीएस सांभाळणारा कॅडी हा वेब सर्व्हर. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट ठेवा. पाच-दहा जणांना ते भरपूर आहे, आणि सगळा डेटा एकाच फोल्डरात राहतो. फोर्जेयोच्या इमेजपुढे (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) आवृत्तीचा नेमका आकडा लिहा, म्हणजे तुम्हाला नको तेव्हा अपग्रेड होणार नाही. पोर्टच्या ओळीत डावीकडे मशीनचं २२२२, उजवीकडे कंटेनरचं २२. वेबचं ३००० पोर्ट बाहेर उघडूच नका, कॅडी आतल्या नेटवर्कमधून तिथे पोहोचतं.

व्हॉल्यूमची, म्हणजे कंटेनरला साठवणाची जागा जोडणारी ओळ मात्र दोनदा वाचा. कोलनच्या डावीकडे मशीनवरचा तुमचा फोल्डर, उजवीकडे कंटेनरमधला ‘स्लॅश डेटा’. आमच्या पहिल्या सर्व्हरवर मी उजवीकडचं नाव चुकवलं होतं. सगळं छान चालत होतं, कारण डॉकरने गुपचूप एक बिननावाचा व्हॉल्यूम जोडला होता. अपग्रेड केलं, नव्या कंटेनरला नवा रिकामा व्हॉल्यूम मिळाला आणि डिस्क साफ करताना जुना मीच पुसून टाकला. ब्राउझर उघडला तर समोर पहिल्या दिवशीचं सेटअपचं पान. कोड परत मिळाला, कारण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर संपूर्ण इतिहास असतोच. पण सहा महिन्यांचे इश्यू आणि पुल रिक्वेस्टवरच्या (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्यांवरच्या) चर्चा गेल्या त्या गेल्याच. त्या गिटमध्ये नसतात, डेटाबेसमध्ये असतात. म्हणून कंटेनर सुरू केल्यावर तुमच्या ‘डेटा’ फोल्डरात खरंच फाइल्स दिसतात का, ते आधी बघा.

कॅडीच्या फाइलमध्ये डोमेनचं नाव आणि ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ची, म्हणजे आलेली विनंती फोर्जेयोकडे पाठवणारी, एक ओळ लिहिली की काम झालं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं ९० दिवसांचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट कॅडी स्वतः आणतं आणि मुदतीआधी नवं करतं. कॅडीचाही डेटा फोल्डर बाहेर जोडून ठेवा, नाहीतर कंटेनर नव्याने बनवला की दर वेळी नवं सर्टिफिकेट मागितलं जाईल. त्याच डोमेनसाठी आठवड्यात पाचच मिळतात.

‘डॉकर कंपोज अप’ द्या आणि लगेच साइट उघडा. हे उद्यावर टाकू नका. सेटअप पूर्ण करताना ॲडमिन खातं बनवलं नाही, तर जो पहिली नोंदणी करेल तोच ॲडमिन होतो, मग तो कुणीही असो. सेटअपच्या पानावर तीन गोष्टी तपासा: मूळ पत्ता एचटीटीपीएससह तुमच्या डोमेनचा हवा, एसएसएच पोर्ट २२२२ हवं आणि स्वतःहून नोंदणी बंद हवी. मूळ पत्ता चुकला तर क्लोनच्या दुव्यात ‘लोकलहोस्ट’ दिसत राहतं आणि टीममधला प्रत्येक जण तेच विचारत बसतो.

आता आपली एसएसएच की चढवा, एक रिकामी रिपॉझिटरी (एका प्रकल्पाच्या कोडची जागा) बनवा आणि पुश करून पाहा. कोड आधी दुसरीकडे असेल तर ‘मायग्रेट’मध्ये जुना पत्ता द्या, इतिहासासकट येतो.

बॅकअपसाठी रात्री तीनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा: फोर्जेयो थांबवायचं, कंपोज फाइलसकट अख्खा फोल्डर एका टार फाइलमध्ये बांधायचा, पुन्हा सुरू करायचं आणि ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर पाठवायची. त्याच मशीनवर ठेवलेली प्रत मशीनसोबतच जाते. अपग्रेडच्या आधीही हाच बॅकअप घ्या, रिलीज नोट्स वाचा, मग इमेजपुढचा आकडा बदला.

आणि पहिल्याच आठवड्यात रंगीत तालीम करा. लॅपटॉपवर डॉकर असेल तर कालची टार फाइल तिथे उलगडा आणि त्यातलं एकटं फोर्जेयो सुरू करा, ३००० पोर्ट फक्त लॅपटॉपपुरतं उघडून. लॉगिन होतं का, एखादी रिपॉझिटरी क्लोन होते का ते बघा. मग एखादा जुना इश्यू उघडा आणि त्याखालची शेवटची कॉमेंट जागेवर आहे का ते पाहा.