ताळेबंदात पाणी शिल्लक, विहिरीत खडखडाट: या चुका टाळा

पावसाळा सरला की गावोगावी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि ते कशावर खर्च होणार याचा हिशेब, मांडला जातो. हिवरे बाजारनं ही पद्धत रुजवली, पुढे पोकरा हा राज्याचा कृषी प्रकल्प आणि केंद्राच्या अटल भूजल योजनेतून ती अनेक गावांत पोचली. पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला तक्ता दिसतो, शिल्लकही दिसते. आणि मार्चमध्ये टँकर येतो.

पहिली गडबड पावसाच्या आकड्यात. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. ५०० हेक्टरच्या शिवारात ४५० मिमी पडला तर २,२५० टीसीएम (१ टीसीएम म्हणजे १० लाख लिटर). आकडा बघून छाती फुगते, पण त्यातलं बरंचसं पाणी जमिनीच्या ओलीत, पिकात, वाफेत आणि ओढ्यात जातं. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पावसाचा साधारण दहावा भाग भूजलात मुरला तरी खूप, भेगा नसलेल्या अखंड थरात त्याहूनही कमी. शिवाय तालुक्याची सरासरी घेऊ नका. आपल्या शिवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद घ्या, तीही दिवसवार. तेच ४५० मिमी चाळीस दिवसांत पडले तर मुरतात, पाच-सहा दिवसांत कोसळले तर मातीही घेऊन जातात. अतिवृष्टीच्या घटना वाढत असताना जुन्या सरासरीवर विसंबणं महागात पडतं.

बंधाऱ्यात साठलेलं पाणी आणि त्याच बंधाऱ्यातून विहिरीत पाझरलेलं पाणी, दोन्ही जमेला धरू नका. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत तर फसगत ठरलेली. ते तळं पावसानं भरलं तर ठीक, पण बरीच तळी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात. हे पाणी आधीच भूजलात मोजलेलं असतं, नवं काही आलेलं नसतं. उलट ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी वाफ झाली तरी ७,२०० लिटर उडून जातात. सगळ्यांच्या भूगर्भातलं पाणी एकाच्या प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गेलं, असाही त्याचा अर्थ होतो. ग्रामसभेत हे बोलायला धारिष्ट लागतं.

खरी मेख मात्र खर्चाच्या बाजूला आहे. माणशी रोज ५५ लिटर धरले तर दोन हजार वस्तीच्या गावाला पिण्या-वापरायला वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात. पाटपाण्यावरचा एक हेक्टर ऊस साधारण २० टीसीएम पितो. म्हणजे पाच एकर उसात अख्ख्या गावाची वर्षभराची तहान. म्हणून खर्चाच्या पानावर पहिली ओळ माणसं-जनावरांची, पिकं त्यानंतर.

पाण्याबरोबर पैशाचा रकाना ठेवा, तो बहुतेक तक्त्यांत नसतोच. हिशेबापुरतं धरा: हेक्टरी १०० टन ऊस, टनाला ३ हजार, म्हणजे एका टीसीएममागे १५ हजार रुपये. हरभरा हेक्टरी १२ क्विंटल, क्विंटलला ५ हजार, पाणी अडीच टीसीएम, म्हणजे टीसीएममागे २४ हजार. मग लोक ऊसच का लावतात? कारण उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर आहे, कारखान्याची तोडणीची टोळी बांधावर येते. हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री कोण देणार? त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. जास्तीच्या उपशाला शेतकऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. अशा वेळी नुसतं 'पाणी जपून वापरा' सांगून भागत नाही. हरभरा-ज्वारीच्या विक्रीची सोय शेतकरी कंपनीमार्फत पेरणीआधी लावली, तरच पीकबदलाचा ठराव टिकतो.

ठिबक आलं म्हणून खर्च कमी धरण्याची घाईही नको. एकरी पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजले तर उपसा तेवढाच राहतो. क्षेत्र वाढवायचं नाही हे आधी ठरवा.

एवढं करूनही ताळा जुळत नसेल, तर दोन जागी शोधा. ई-पीक पाहणीतलं (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीतलं) बागायत क्षेत्र आणि प्रत्यक्ष उभं पीक ताडून पाहा. नोंद हरभऱ्याची आणि रानात कांदा, असं आढळतं. मग या वर्षी किती बोअर नव्यानं पडले ते मोजा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली, तरी बोअरची गाडी रात्री येते आणि उजाडायच्या आत जाते. हिवरे बाजारनं बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही असं ठरवलं आणि पाळलं, ते यासाठीच.

निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारीत मोजा. जानेवारीतली घट अंदाजापेक्षा जास्त निघाली, तर उन्हाळी पिकाचं क्षेत्र तेव्हाच कमी करा. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं विकत घ्यायच्या आधीच.