अळंबीतले पाणी: घरच्या स्वयंपाकात मशरूम कसे निवडावे आणि कसे रांधावे

कढईत चिरलेली अळंबी टाकली की पाचच मिनिटांत तिच्याभोवती राखाडी पाणी साचू लागते, आणि बहुतेक स्वयंपाकघरांत नेमके त्याच क्षणी मीठ, मसाला आणि वर झाकण असे सगळे एकदम पडते. मग ती स्वतःच्याच पाण्यात उकडत राहते, चवीला पाणचट आणि दाताखाली रबरासारखी लागते, आणि ‘आमच्याकडे मशरूम कुणाला आवडत नाही’ असा निकाल लावून घरातले मोकळे होतात. यात दोष अळंबीचा नसतो. ताज्या बटण अळंबीच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणी असते, आणि ती विकत घेण्यापासून तिच्या पोषणाचा हिशेब मांडण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हे पाणी लक्षात ठेवले, तर बाकीचे काम अवघड राहत नाही.

आधी पोषणाचेच पाहू, कारण त्याबाबत अतिशयोक्ती फार होते. अळंबीत वीस-तीस टक्के प्रथिने असतात असे जे सांगितले जाते, ते पूर्णपणे वाळवलेल्या अळंबीच्या वजनाचे प्रमाण आहे. ताज्या १०० ग्रॅम बटण अळंबीत प्रथिने साधारण ३ ग्रॅमच असतात. म्हणजे २०० ग्रॅमचे अख्खे पाकीट संपवले तरी जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने मिळतील, आणि तेवढी तर ३० ग्रॅम तुरीच्या डाळीतूनही मिळतात. त्यामुळे डाळ, उसळ किंवा पनीर बंद करून त्यांच्या जागी अळंबी आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तिला त्यांच्या सोबतीला आणणे हा शहाणपणाचा. तिचे खरे गुण वेगळे आहेत. १०० ग्रॅममध्ये केवळ २२ च्या आसपास कॅलरी असतात, स्निग्धांश नगण्य असतो, थोडे तंतू मिळतात, आणि रायबोफ्लेविन सुमारे ०.४ मिलिग्रॅम, नायसिन साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक, शिवाय तांबे आणि सेलेनियम असा ऐवज तिच्यात असतो. ब-१२ जीवनसत्त्वासाठी मात्र शाकाहारी माणसाने अळंबीवर विसंबू नये, कारण नेहमीच्या अळंबीत ते नसल्यातच जमा असते. आणि कॅलरी कमी म्हणून आनंदाने पळीभर तेल ओतणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की एका मोठ्या चमच्याभर तेलातच अख्ख्या पाकिटातल्या अळंबीच्या दुपटीहून जास्त कॅलरी असतात. मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितले आहे, त्यांनी आणि युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र खरोखर करून पाहण्यासारखी आहे. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि उन्हातील अतिनील किरण पडताच त्याचे ड-२ जीवनसत्त्व बनू लागते. बंद खोलीत वाढवलेल्या अळंबीला ऊन लागलेले नसते, म्हणून बाजारातून आणलेल्या पाकिटात हे जीवनसत्त्व फारसे सापडत नाही. पण रांधण्यापूर्वी तिचे काप करून ते ताटात एका थरात पसरले आणि भर दुपारच्या उन्हात वीस-तीस मिनिटे ठेवले, तर त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. ताट खिडकीच्या काचेआड ठेवून उपयोग नाही, कारण यासाठी लागणारे किरण काच अडवते. शिजवल्यावरही यातला बराचसा भाग टिकतो. ड-२ हे शरीरात ड-३ इतके परिणामकारक नसते, तरीही फुकटच्या उन्हात मिळणारी ही भर नाकारण्याचे कारण नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या जाती मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे. पांढरी, गोल बटण अळंबी सगळीकडे मिळते आणि कोणत्याही मसाल्यात सामावून जाते. ढिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळंबी, पातळ असते, लवकर शिजते आणि सहज वाळते. तिचे देठ मात्र चिवट असल्याने ते बारीक चिरावेत किंवा रस्सा दाट करण्यासाठी वाटून घ्यावेत. उष्ण हवामानात वाढणारी दुधी अळंबी जाड आणि घट्ट असते, काढल्यानंतर इतरांपेक्षा अधिक दिवस टिकते, आणि जिथे तुकड्यांचा आकार टिकायला हवा अशा रश्शाला ती उत्तम. वाळलेली शिताके महाग असली तरी दोन-तीन नगांतच भांडेभर रश्शाला चव येते. हिमालयातून येणारी गुच्छी ही सणासुदीची चीज आहे. तिच्याबद्दल एवढेच सांगतो, की ती कधीही कच्ची खाऊ नये.

पावसाळ्यात कोकणात वारुळांवर उगवणारी अळंबी आणि विदर्भातल्या सात्या यांची चव लागवडीच्या कोणत्याही अळंबीला नाही, हे मान्यच करायला हवे. वाळवीच्या साहचर्याने वाढणाऱ्या या जातीची शेती करता येत नसल्यामुळे रानाशिवाय ती मिळत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती ओळखत आलेल्या माणसाने आणलेलीच खावी. स्वतः हौसेने गोळा करू नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडली तर अळंबी विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली, अशा सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. ॲमानिटा कुळातील घातक जातींचे विष उकळून, तळून किंवा वाळवून नष्ट होत नाही, आणि त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब थांबून माणसाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात आतून यकृत निकामी होत असते. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसाममध्ये रानातली अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली. शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

पाकीट घेताना आधी तळ पाहावा. आत पाण्याचे थेंब साचलेले असतील, अळंबी बुळबुळीत दिसत असेल किंवा पिवळट पाणी तळाला जमले असेल, तर ते पाकीट परत ठेवावे. डोळे दिपतील इतकी पांढरीशुभ्र अळंबी पाहून भुलू नये. रंग उजळण्यासाठी ती कधी कधी सल्फाइटच्या द्रावणात बुडवलेली असते, आणि किंचित मळकट, मातीचे कण लागलेली अळंबी बहुतेक वेळा अधिक भरवशाची निघते. टोपीखालचा पडदा फाटून तपकिरी पाकळ्या दिसू लागल्या असतील, तर अळंबी थोडी जून झाली आहे एवढाच त्याचा अर्थ. अशी अळंबी दिसायला डावी, पण चवीला गडद असते. रश्श्यासाठी मी तर तीच शोधून घेतो.

काढणी झाल्यानंतरही अळंबीचे श्वसन वेगाने चालू राहते आणि तिच्यातून वाफ बाहेर पडत राहते. घट्ट बंद प्लॅस्टिकमध्ये हीच वाफ थेंब होऊन परत तिच्यावर बसते आणि तिला बुळबुळीत करते. म्हणून घरी आणताच ती न धुता कागदी पिशवीत किंवा कापडात सैलसर गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. अशी ती तीन-चार दिवस चांगली राहते. काळसर डाग पडले तर घाबरू नये, पण हाताला बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर ती टाकून द्यावी.

धुण्याविषयी लोकांत फार वाद आहेत. पाणी लागले की अळंबी ते शोषून घेते, म्हणून ती केवळ फडक्याने पुसावी, असे आग्रहाने सांगितले जाते. पण अख्खी अळंबी वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनीट चोळून धुतल्याने ती शोषते ते पाणी अगदी किरकोळ असते, आणि तिच्या आत मुळात असलेल्या पाण्यापुढे त्याची काय मातब्बरी? भिजत मात्र ठेवू नये, आणि चिरल्यावर धुऊ नये. धुतल्यावर लगेच कोरडी पुसून रांधायला घ्यावी. साल काढणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. देठाचे वाळके टोक कापले की पुरे. काही घरांत अळंबी हळद-मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतण्याची पद्धत आहे, ती मात्र सोडून द्यावी, कारण ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असल्याने पाण्याबरोबर ती आणि निम्मी चव, दोन्ही वाहून जातात.

आता मुख्य कृती. रुंद तळाची कढई किंवा लोखंडी तवा मोठ्या आचेवर चांगला तापू द्यावा. २०० ग्रॅम अळंबीचे चार-चार तुकडे करून ते तेल न घालता एका थरात पसरावेत. भांडे लहान असेल तर दोन खेपांत करावेत, पण एकावर एक रचू नयेत, कारण गर्दी झाली की वर येणारी वाफ निसटत नाही आणि भाजणे बाजूला राहून उकडणे सुरू होते. दोन-तीन मिनिटांत पाणी सुटू लागेल. झाकण ठेवू नये, आच कमी करू नये, सारखे हलवूही नये. पाणी आटत जाईल, तुकडे आकसून जवळपास निम्मे होतील, आणि पाण्याचा चुरचुर आवाज थांबून तडतड ऐकू येऊ लागेल. तो आवाज बदलला की चमचाभर तेल किंवा तूप घालावे आणि तुकड्यांच्या कडा तपकिरी होईपर्यंत आणखी तीन-चार मिनिटे परतावे. सुरुवातीलाच तेल घातले तर ते पाण्यावर तरंगत राहते आणि अळंबी ते नंतर पिऊन टाकते. उशिरा घातलेले तेल थोडके पुरते. मीठ आधी की नंतर, यावरही मतभेद आहेत: आधी घातले तर पाणी लवकर सुटते, नंतर घातले तर रंग चांगला येतो. भांड्यात गर्दी नसेल तर दोन्ही चालते.

वेळेबाबत अळंबी इतकी क्षमाशील दुसरी भाजी नाही. भाज्यांच्या पेशी ज्या पेक्टिनने जोडलेल्या असतात ते उष्णतेने सैल होते, म्हणून भेंडी किंवा दुधी जास्त शिजला की गाळ होतो; अळंबीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात आणि कायटिन स्वयंपाकघरातील आचेला दाद देत नाही. त्यामुळे ती दहा मिनिटे शिजवली काय आणि चाळीस मिनिटे शिजवली काय, तुकडा तुकडाच राहतो. याच कायटिनमुळे कच्ची अळंबी पचायला जड जाते, म्हणून सॅलडमध्येही ती परतूनच घालावी.

सुक्या भाजीसाठी सुटलेले पाणी आटवायचे असते. रश्श्यासाठी मात्र ते जपून ठेवायचे असते, कारण जिभेला मांसाच्या रश्श्यासारखी भरीव वाटणारी चव देणारे ग्लुटामेट त्यातच उतरलेले असते. चौघांसाठी ४०० ग्रॅम अळंबी अर्धी-अर्धी चिरून तापलेल्या कढईत टाकावी, पाणी सुटले की ते वाटीत ओतून घ्यावे आणि मग तुकडे चमचाभर तेलावर तपकिरी परतून बाजूला काढावेत. अर्धी वाटी सुके खोबरे आणि दोन कांदे वेगवेगळे खमंग भाजावेत. चमचाभर धने, चार-पाच मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा आणि चार ब्याडगी मिरच्या किंचित परताव्यात. सात-आठ लसणीच्या पाकळ्या आणि बोटभर आले घालून सगळ्याचे गुळगुळीत वाटण करावे. त्याच कढईत तेलावर ठेचलेली लसूण लालसर करून वाटण आणि हळद घालावी व कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. इथे घाई केली तर कच्च्या मसाल्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग वाटीतले राखून ठेवलेले पाणी, दीड वाटी गरम पाणी, मीठ आणि परतलेली अळंबी घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे, आणि शेवटी तीन-चार आमसुले टाकावीत. तांदळाच्या भाकरीबरोबर हा रस्सा वाढला, की श्रावणात तोंड वाईट करून बसलेली मंडळीही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

प्रथिनांची उणीव भरून काढायची असेल तर मुगाच्या किंवा मसुरीच्या दाट वरणात तपकिरी परतलेली अळंबी घालावी, किंवा ती बारीक चिरून, पाणी पूर्ण आटवून, अंड्याच्या अथवा पनीरच्या भुर्जीत मिसळावी. खिम्यात निम्मे मांस कमी करून तितकी बारीक चिरलेली अळंबी घातली तरी चवीत उणेपणा जाणवत नाही. मटारबरोबर किंवा पुलावात ती वापरताना ती आधी स्वतंत्र परतून घ्यावी, एवढे पथ्य पुरे आहे; तांदळाबरोबर कच्चीच घातली तर तिचे पाणी भातात उतरते आणि भात गिचका होतो.

जास्त अळंबी हाती आली, विशेषतः ढिंगरी, तर ती उभी फाडून सुती कापडावर पातळ पसरावी आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावी. रात्री घरात घ्यावी. काडी मोडावी तशी कट्‌कन मोडली की वाळली असे समजावे. वाकत असेल तर तिच्यात अजून ओल आहे आणि डब्यात तिला बुरशी येईल. किलोभर ताज्या अळंबीची जेमतेम १०० ग्रॅम वाळलेली उरते. वापरताना ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी आणि ते पाणी गाळून आमटीत घालावे. उरलेले तुकडे मिक्सरमध्ये फिरवून त्यांची पूड कोरड्या बरणीत भरावी. ही पूड चमचाभर आमटीत, दोन चमचे थालिपीठाच्या पिठात, किंवा लहान मुलांच्या मऊ खिचडीत घालता येते, आणि बरणीत ओला चमचा गेला नाही तर ती तीन-चार महिने टिकते.